उलट्या हाताचे काका

आमचे घरमालक दिगंबर काका कशालाही आधी तळहात लावत नाहीत. आधी उलटा हात. नळ, फ्रिज, कूलर, लोखंडी फाटक, बसचा दांडा, बँकेच्या काउंटरची जाळी, या सगळ्यांना ते बोटांची मागची बाजू हलकेच टेकवतात, एक श्वासभर थांबतात, "हूं" म्हणतात आणि मगच वस्तूला हात घालतात. एकदा देवळात घंटा वाजवण्याआधीही त्यांनी हेच केलं. पुजारी हसून म्हणाला, "काका, घंटेत कुठून करंट येईल?" काका म्हणाले, "वरतं पाहा." पुजाऱ्यानं वर पाहिलं. उत्सवाच्या लाइटिंगची माळ घंटेच्या साखळीलाच गुंडाळलेली होती आणि दोन ठिकाणी तिचं वरचं कव्हर फाटलेलं होतं. तेव्हापासून पुजारीही घंटेला उलटा हात लावतो. पण त्याला त्यात काही शास्त्रार्थ आहे असं वाटतं.

काकू या सवयीला कंटाळलेल्या आहेत. त्या सांगतात, "आमच्या लग्नात यायनं पयले मंडपाच्या खांबाले उलटा हात लावला, मंग मले हार घातला. माया मामा म्हणे, पोरगं असं काऊन करून राह्यलं, आंधळं हाय काय?"

"खांब लोखंडी होता," काका शांतपणे म्हणतात.

कारण विचारलं की ते आनंदानं सांगतात. तळहातानं धरलं आणि वस्तूत करंट असला तर मूठ आपोआप आवळते, मग ती सुटत नाही. उलट्या हाताला लागला तर हात मागे फेकला जातो. "शहाणा माणूस विजेले पाठ दाखवते," असं त्यांचं म्हणणं आहे.

मी तामसीकडच्या एका गावातून आदिलाबादला शिकायला आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे खोली कशी शोधतात हेही कोणाला माहीत नव्हतं. बाबा आणि मी तीन घरं फिरलो. चौथं काकांचं. त्यांनी गावाचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, ते स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "वरची खोली उघड." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय शिकून राह्यली?"

"इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा."

"मंग सांग, माणूस किती करंटनं मरते?"

"दोनशे तीस," मी म्हणाले.

"ते व्होल्ट झाले. करंट सांग."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"जुन्या झिरोच्या बल्बातून जेवढा जाते, तेवढ्यात माणूस जाते," काका म्हणाले. "अँपिअर कोनालेही दिसते. मिली पाह्य."

हे त्यांचं आवडतं वाक्य. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलीअँपिअर, आणि काकांचं सगळं जग त्या हजाराव्या भागात. काकूंनी चहात साखर जास्त घातली तर "चार मिली जास्त झाली" म्हणतात. शेजारी दहा मिनिटं उशिरा आला तर ते धरत नाहीत, पण भिंतीवरचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं याचा त्यांना मनस्वी त्रास होतो. मोठ्या चुका लोक आपोआप पाहतात, लहान चुकांना कोणी वाली नसतो, असं ते म्हणतात.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. डिप्लोमा इंग्रजीत, आणि वर्गात आपसात बोलणं तेलुगूत. मला दोन्ही समजायचं, पण समजल्यासारखं वाटायचं नाही. लीकेज करंटची व्याख्या मी पाठ करून दोनदा लिहिली होती आणि दोन्ही वेळा पूर्ण गुण मिळवले होते. काका एकदा पायरीवर बसून सहज म्हणाले, "गळती गं. माठ पाझरते ना, तशी वायर पाझरते." त्या दिवशी मला ती व्याख्या कळली. त्यानंतर मी रोज संध्याकाळी वही घेऊन पायरीवर जाऊ लागले. त्यांनी कधी "ये" म्हटलं नाही आणि कधी "जा"ही म्हटलं नाही.

त्या पायरीवरच त्यांनी मला आपली काळजी सांगितली.

कापसाच्या जिनिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागण्याआधी, तरुणपणी, काकांनी तामसीकडच्या गावांत घरांचं वायरिंग केलं होतं. तेव्हा अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून द्यायची पद्धत होती. सगळेच तसं करत. पाइप जमिनीखालून लांब जायचा, त्यामुळे घरात कुठे गळती झालीच तर करंट पाइपातून मातीत उतरून जायचा. पुढे गावोगाव नवी पाइपलाइन आली, ती प्लास्टिकची. जमिनीतलं लोखंड गेलं. भिंतीतला हातभर तुकडा आणि त्याच्या टोकाचा नळ मात्र राहिला, आणि काकांनी बांधलेली तारही राहिली.

"तार नळाले, नळ पलास्टिकले, आन पलास्टिक कोनाले?" काका म्हणाले. "कोनालेच नाई. आता फ्रिज पाझरला तं करंट मातीत जात नाई, नळावर येऊन बसते. वाट पाह्यत बसते, कोनी ओल्या हातानं येते काय."

अशी एकोणीस घरं होती. काकांना ती घराण्याच्या नावानिशी पाठ होती. उन्हाळा तोंडावर होता. माळ्यावरचे कूलर खाली उतरून त्यांत पाणी पडायच्या आत त्यांना प्रत्येक घराची गळती मोजायची होती. त्यासाठी क्लॅम्प मीटर हवं होतं. हे म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असलेलं यंत्र. वायर न कापता जबड्यात धरली की तिच्यातला करंट आकड्यात दिसतो. जिनिंगमधलं एक जुनं मीटर काकांकडे होतं, पण ते मोठ्या मोटारींचं. हजारावा भाग त्याला शून्यच दिसायचा. "कापसाच्या काट्यावर जिरं तोलल्यासारखं हाय ते," काका म्हणाले. "काटा हालत नाई म्हणून जिरं नाई असं थोडीच हाय?"

तर मीटर निवडायला आम्ही बाजारात गेलो. एकदा नाही, पाच वेळा. काका मला घेऊन जात ते माहितीपत्रकं वाचायला. अक्षर बारीक आणि इंग्रजी. काकांना वाटायचं, मला इंग्रजी येतं. मला वाटायचं, हे त्यांना कळू नये.

दुकानदार शेठ हिंदी बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यात मोठं, पिवळंधमक मीटर पुढे ठेवलं. "चाचा, ये लो. हजार अँपिअर तक जाता है."

काका म्हणाले, "ऊपर कां तक जाता नक्को बोलो सेठ. नीचे कां तक आता, वो बोलो."

शेठना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माहितीपत्रकाकडे पाहिलं.

काका मीटर निवडत होते ते बैलबाजारात बैल निवडल्यासारखं. आधी मीटरला सगळ्या बाजूंनी पाहायचं. मग जबडा उघडून उजेडाकडे धरायचा आणि आत पाहायचं. बैलाचे दात पाहतात ना, अगदी तसं. जबड्याची दोन टोकं एकमेकांना घट्ट चिकटली नाहीत तर लहान करंट नीट मोजला जात नाही. पिवळ्या मीटरच्या जबड्यात फट होती. "याचे दात किडेल हायत," म्हणून ते परत गेलं. दुसऱ्याच्या जबड्यात काहीच नव्हतं, तरी पडद्यावर आकडा येत होता. "हे रिकाम्या तोंडानं बरळते." तिसरं रिकाम्या तोंडी गप्प होतं, पण दुकानाच्या मेन वायरजवळून नेलं की त्याचा आकडा उड्या मारायचा. "हे शेजाऱ्याचं ऐकते. मले तोंडात हाय तेवढंच सांगणारं पाह्यजे." शेठ हैराण. एकदा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, चाचा को मीटर होना या दामाद होना?"

पाचव्या फेरीला शेठ खालच्या फळीवरून एक धूळ बसलेली पेटी काढून घेऊन आले. आत राखाडी रंगाचं बुटकं मीटर होतं. वर फक्त साठ अँपिअरपर्यंत जायचं, म्हणून कोणी ते विचारत नव्हतं. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं आणि घाबरत म्हणाले, "काका, हे मिलीचा शंभरावा भाग दाखवते." काकांनी चष्मा पुसला.

शेठनी किटलीत पाणी घालून ती सुरू केली आणि मीटर माझ्याच हातात दिलं. "मॅडम को देखने दो." दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, दोन तर खांद्यावर वायरची भेंडोळी घेतलेले मिस्त्री. सगळे माझ्याकडे पाहत होते. क्लॅम्प मीटरमध्ये एकच वायर धरायची, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. गडबडीत मी किटलीची अख्खी केबल जबड्यात धरली. किटली खळखळ उकळत होती आणि पडद्यावर जवळजवळ शून्य.

एक मिस्त्री हसला. "मॅडम, एकच वायर धरायची असते. कॉलेजात शिकवत नाहीत काय?" मग सगळेच हसले. मनात आलं, मीटर खाली ठेवावं आणि सरळ गावाची बस धरावी.

"थांबा," काका म्हणाले. "पोरीनं बराबर केलं." त्यांनी माझा हात होता तसाच धरून ठेवला. "एक वायर धरली तं किटली किती खाते ते समजते. ते कोनाले पाह्यजे? दोन्ही धरल्या तं जाणारा आन येणारा, दोघंही जबड्यात. जत्रेले दहा माणसं गेले, दहा परत आले, तं हिशेब शून्य. नऊ आले तं दहावा कुठी गेला? आपल्याले तो दहावा पाह्यजे." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "वाच."

"शून्य पूर्णांक पंचाहत्तर मिली," मी वाचलं.

"सेठ, तुमारी किटली में से पाऊण मिली भाईर जाता. इत्ते में कुछ नै होता, पन जाता."

शेठनी किटलीवरचा हात हळूच मागे घेतला. हसणारा मिस्त्री जवळ येऊन वाकून पाहू लागला. त्यानं ते मीटर मागून घेतलं आणि जबडा उजेडाकडे धरला.

मला माहीत होतं, मी चूकच केली होती. काकांनाही माहीत होतं. घरी येईपर्यंत ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. माझ्या चुकीला सात-आठ माणसांपुढे पद्धत म्हणून उभं करणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. त्या संध्याकाळी मी सुटकेस पलंगाखाली आत ढकलली. अर्धी भरलेली ती पहिल्या सेमिस्टरपासून तशीच बाहेर असायची.

मग आमच्या रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळची तामसीची बस, काकांच्या पिशवीत मीटर, पक्कड आणि काकूंनी दिलेल्या ज्वारीच्या भाकरी. घरोघरी काका एकच सांगत, "नवीन मीटर घेतलं, जरा चालवून पाह्यतो." आपली चूक शोधायला आलो आहोत असं कुठे म्हणत नसत. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला खेळणं मिळालं. नळाला उलटा हात लावायचा, मग मीटर लावायचं, मी आकडा वाचायचा. पहिल्या आठ घरांत काळजीचं काही निघालं नाही, तरी काका प्रत्येक ठिकाणी नळावरची तार सोडायचे आणि अंगणात खड्डा करून तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा घालून नवं अर्थिंग द्यायचे. एका घरी शेजारीण कुंपणावरून ते मीठ-कोळसा पाहत होती. ती हळूच म्हणाली, "काऊन जी, कोनी करणी केली काय या घरावर?"

"व्हय," काका खड्ड्यात पाहत म्हणाले. "मीच केली, जवानीत."

नववं घर आमचं होतं.

आईनं काकांना ओळखलं. "तुमी मांगंही आलते ना? हिचं कॉलेज लागाच्या आधी? तवा घरी मी एकटीच होती." काका "हूं" म्हणाले आणि मोरीकडे गेले. उलटा हात नळाला टेकवला, थांबले. "ठीक हाय," म्हणाले. मी मेनबोर्डजवळच्या दोन्ही वायर जबड्यात धरल्या. आकडा पाहिला. मीटर काढून रिकाम्या तोंडी पाहिलं, शून्य. पुन्हा धरलं.

"काका, साडेतीन मिली."

ते आले. स्वतः पाहिलं. फ्रिजचा प्लग काढायला लावला. आकडा पडला. प्लग पुन्हा लावला, आकडा पुन्हा चढला. मग ते नळाजवळ गेले आणि बराच वेळ उलटा हात नळावर ठेवून उभे राहिले. कसला तरी आवाज ऐकत असल्यासारखे.

आई चहा घेऊन आली. "फ्रिजचं काई हाय काय? माया हाताले मुंग्या येतात, तवा मले नळाचीच शंका आलती. पन तुमी मांगं आलते, हात लावून पाह्यला, म्हनले ठीक हाय. मंग मी डॉक्टरकडे गेली. नसांच्या गोळ्या चालू हायत." तिनं फडताळातून पाकीट काढून दाखवलं. त्या गोळ्या मला माहीत होत्या. नळावर भांडी घासताना हात झिणझिणतो, हे मला आईनं कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, वय झालं.

काकांनी पाकीट हातात घेतलं. मग म्हणाले, "बाई, मुंग्या तुमच्या हाताले नाईत. नळाले हायत."

"मंग या गोळ्या?"

"फ्रिजले द्या."

आई हसली. काका हसले नाहीत.

फ्रिज बंद करून त्यांनी तार सोडली, खड्डा केला, सगळं केलं. आईनं ओल्या हातानं भीत भीत नळ धरला, सोडला, पुन्हा धरला. "काईच नाई लागत," ती म्हणाली. तिनं दोनतीनदा नळ उघडला आणि बंद केला. उगीचच.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीकडे तोंड करून बसले. कापूस निघून गेलेली काळी शेतं मागे जात होती. मग ते बोलू लागले. दोन वर्षांपूर्वी ते एकटेच ही सगळी गावं फिरले होते, नुसता हात घेऊन. "एकोणीसच्या एकोणीस घरं ठीक निघाले. मले तवाच शंका याले पाह्यजे होती." पुढे एकदा तव्याला हात लागला आणि फोड आला तेव्हाच कळलं. शुगरमुळे बोटांची जाणीव कधीच गेली होती. काकूंनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. मीटरच्या त्या पाच फेऱ्या, जबडे पाहणं, आकड्यांवर अडून बसणं, मी इतके दिवस ज्याला लहर समजत होते, ते सगळं यासाठी होतं.

"सवय जात नाई म्हणून लावतो हात," ते म्हणाले. "त्याले आता काई समजत नाई."

मला त्यांना काही सांगायचं होतं. दुकानातल्या त्या दिवसाबद्दल, पायरीबद्दल. आमच्याकडे आभार मानायची पद्धत नाही, शब्द तोंडात परका वाटतो. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

"तुया घरात पयला बल्ब लागला तवा," काका म्हणाले, "बटन तुया आजीनं दाबलं. उजेड झाला. बुढी माय माया पाया पडली. मी बावीस वर्साचा. काय बोलाचं, काई सुचलं नाई. तिले वाटलं, मी देव आणला. आन मी तिच्या नळाले तार बांधून चाललो होतो."

बस वळणावर थांबली, दोन बायका चढल्या, बस निघाली.

"तू बापासंगं खोली मागाले आली, गावाचं नाव सांगतलं. तवा तं मी हातानं पाहून आलतो, सगळं ठीक होतं. मंग तव्याचं झालं. तवापासून रोज तू पायरीवर येऊन बसाची, आन रोज वाटे, हिले इचारावं, घरी सगळे बरे हायत ना. इचारालेच होत नवतं."

"इचारा ना मंग," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीतून मान वळवली. "घरी सगळे बरे हायत?"

"हायत, काका," मी म्हणाले. "सगळे बरे हायत."